तसबिरीची चौकट : हस्तव्यवसायाचा एक पाठ

हस्तव्यवसायाच्या तासाला कागदकाम व मातीकाम बहुतेक शाळांतून होते. लाकूडकाम मात्र टाळले जाते. हत्यारे नाहीत, लाकूड महाग आहे आणि शिक्षकास ते येत नाही, अशी तीन कारणे सांगितली जातात. पहिल्या दोन अडचणी थोड्या प्रयत्नाने दूर होतात. तिसरी अडचण मनातील आहे. म्हणून तिचा विचार प्रथम करावयास हवा.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची जी योजना मांडली, तीत सूतकताई व शेती यांच्याबरोबर सुतारकामासही स्थान होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे सुचविले आहे. तेव्हा ज्यास काम येते त्यास शाळेत मानाने बोलवावे, हे उत्तम. गावचा सुतार, वऱ्हाडात ज्यास वाढई म्हणतात, तो शिकवीत असता शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून करवत हाती घ्यावी. वर्गात सुताराघरचे मूल असेल तर आपल्या घरची विद्या गुरुजीही शिकतात, हे त्यास दिसेल. त्याचे मोल कोणत्याही भाषणापेक्षा अधिक आहे.

विषयाची निवड. वस्तू उपयोगाची असावी. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी देह ठेवला. वलगाव परिसरातील शाळेने पुण्यतिथीकरिता बाबांच्या तसबिरीची चौकट स्वतः करावी. इतर गावांनी आपल्या गरजेप्रमाणे वस्तू निवडावी.

साहित्य. करवत, पटाशी, हातोडी, गुण्या, मोजपट्टी, सरस, बारीक चुका व काचकागद. मेळघाटचा साग उत्तम खरा. परंतु पहिल्या प्रयत्नास जुन्या खोक्याची फळी पुरे. बाभूळ मुलांच्या हातास फार कठीण पडते. लाकूड वाळलेले असावे. ओले लाकूड वाळताना आक्रसते व सांधे सुटतात.

गणित. चौकटीचे बाहेरील माप ४० × ३० सें.मी., पट्टी ३ सें.मी. रुंद व २ सें.मी. जाड ठेवावी. किती लांब पट्टी लागेल, हे विद्यार्थ्यांनी काढावे. उत्तर १४० सें.मी. येईल, परंतु प्रत्येक कापास करवत सुमारे २ मि.मी. लाकूड खाते, म्हणून १५० सें.मी. घ्यावी. आतील मोकळी जागा विचारली असता अनेक मुले ३७ × २७ सांगतील. कारण ती पट्टीची रुंदी एकदाच वजा करतात. उत्तर न सांगता पट्ट्या जमिनीवर मांडून मोजू द्याव्यात. ३४ × २४ हे उत्तर त्यांना स्वतःच सापडेल.

कृती. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांवर एकदमच खूण करावी, म्हणजे लांबी सारखी राहते. करवत रेषेवर न चालविता रेषेबाहेरच्या टाकाऊ भागातून चालवावी. प्रत्येक टोकाचा ३ सें.मी. लांबीचा भाग निम्म्या जाडीपर्यंत, म्हणजे १ सें.मी., करवतीने व पटाशीने काढून टोके एकमेकांवर बसवावीत. लाकूड घट्ट आवळलेले असावे आणि दोन्ही हात नेहमी पटाशीच्या धारेमागे असावेत. एका वेळी एकाच विद्यार्थ्याने हत्यार चालवावे.

पाठाचा गाभा. सरस लावल्यावर, तो वाळण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. चारही बाजू अचूक असूनही चौकट तिरपी असू शकते. एक कर्ण ४९ व दुसरा सुमारे ५१ सें.मी. भरल्यास लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हलकेच दाब द्यावा. दोन्ही कर्ण ५० भरले की कोपरे काटकोनात आले. ३, ४ व ५ यांचा संबंध फळ्यावर शिकविण्याआधीच हाताने अनुभवला जातो. मग कोपऱ्यांत चुका ठोकाव्यात. वहीतील चूक गुरुजींच्या लाल शाईने कळते. येथील चूक मुलास स्वतःच्या मोजपट्टीने कळते, आणि सरस ओला असेतोवर ती सुधारताही येते.

शेवटी काचकागदाने कडा घासून, पुठ्ठ्यावर चिकटविलेले ३६ × २६ सें.मी. चे चित्र मागील बाजूने बसवावे. याच सांध्याने पुढे नकाशाची चौकट, सूचनाफलक अथवा मणी सरकवून मोजण्याची पाटी करता येते.

मूल्यमापन. चौकटीच्या मागे दोन्ही कर्णांची खरी मापे विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने लिहावीत. तपासणीत सुबक दिसावी म्हणून सुताराकडून पुरी करून घेतलेली चौकट भिंतीवर लावू नये. अर्धा सेंटीमीटर चुकलेली पण मुलांनी केलेली चौकट तिच्यापेक्षा श्रेष्ठ होय. पुढील चौकट त्या अर्ध्या सेंटीमीटरातून शिकूनच सुधारते.

तास संपताच भुसा व ढलप्या झाडून काढाव्यात. हे काम एकट्या विद्यार्थ्यावर अथवा केवळ मुलींवर सोपवू नये. शिक्षकासह सर्वांनी ते करावे. गाडगेबाबांची तसबीर लावावयाच्या खोलीत तरी याहून वेगळी रीत असू नये.