जे मोडले आणि जे उरले



आपल्या आरेजवळ, सीप्झच्या आवारात, बिनछपराचे एक जुने चर्च आहे. संत जॉन बॅप्टिस्ट यांच्या नावाचे हे चर्च येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे कोंडिवट्याच्या ख्रिस्ती लोकांना ते सोडावे लागले. पण जाताना त्यांनी वेदी, मूर्ती आणि बाप्तिस्म्याचे कुंड मरोळला नेले. भिंती मागे राहिल्या, श्रद्धा पुढे गेली.

आपल्या घरांतही पडझड असते : दारूचे व्यसन, गेलेली नोकरी, भावाभावांतला अबोला. आपण ती झाकतो आणि रविवारी इस्त्रीचे कपडे घालून मिस्साला येतो. स्तोत्र ५१ मध्ये मात्र दावीद राजा आपले भग्न हृदयच देवापुढे अर्पण करतो. मिस्सामध्ये धर्मगुरू भाकर मोडतात. मोडल्यावरच ती सर्वांना वाटता येते.

या आठवड्यात आपणही झाकणे सोडू या. पाप असेल ते प्रायश्चित्त संस्कारात सांगू या, दुःख असेल ते प्रार्थनेत. आणि जे उरले आहे, मग ती संध्याकाळची जपमाळ असो वा क्षमेचा एक शब्द, ते उचलून पुढे चालू या. प्रभू येशू आपल्याला तिथूनच पुन्हा उभे करतो.