तांत्रिक लेखन : वाचक ओळखणाऱ्यांचा व्यवसाय

बारावीचा निकाल लागला, की ज्या घरातील मुलाला गणितात बरी गती आणि लेखनात त्याहून अधिक गोडी असते, त्या घरी आईवडिलांपुढे हटकून एक प्रश्न उभा राहतो : लेखनावर उदरनिर्वाह होईल काय, आणि संगणकक्षेत्रात घालावे तर ही गोडी कायमची मारावी लागेल काय? ही चिंता रास्त आहे. परंतु हे दोन्ही गुण ज्याला एकत्र लागतात असा एक व्यवसाय पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘टेक्निकल रायटर’ या हुद्द्याने रूढ आहे, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

सॉफ्टवेअर कसे चालते हे लिहून ठेवणे, एवढेच या कामाचे स्वरूप वरवर पाहणाऱ्यास दिसते. त्याचा खरा कस मात्र एकाच वस्तूविषयी भिन्न प्रयोजनाने वाचणाऱ्यांसाठी भिन्न रीतीने लिहिण्यात लागतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका सिद्ध केली, तेव्हाच आज्ञा निराळ्या, प्रोग्रामरला लागणारा तपशील निराळा, असे तिचे विभाग पाडलेले होते. पुढे २००५ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘जँगो’ या प्रणालीच्या दस्तऐवजांत वाचकाच्या गरजेनुसार चार प्रकार स्पष्टपणे मांडले गेले, आणि डॅनिएले प्रोचिदा यांनी या चतुर्विध विभागणीला ‘डायटॅक्सिस’ या नावाने शास्त्रशुद्ध रूप दिले.

नवख्यासाठी असतो तो पाठ : जँगोत तो मतदानाचा एक छोटा कार्यक्रम पायरीपायरीने रचून घेतो, आणि प्रत्येक पायरीस यश येईल याची जबाबदारी लेखक स्वतःच्या शिरावर घेतो. ज्याला विषय अवगत आहे, पण हातातले एखादे काम उरकायचे आहे, त्याला हवी असते नेमकी कृती. अनुभवी प्रोग्रामरला हवा असतो दप्तरातील नोंदीसारखा कोरडा, पूर्ण आणि बिनचूक संदर्भ. आणि अमुक रचना अशीच का केली, हे जिज्ञासेने विचारणाऱ्याला हवे असते विवेचन. पाठात विवेचन घुसले की नवखा वाट चुकतो, आणि संदर्भात उपदेश मिसळला की जाणत्याचा वेळ व्यर्थ जातो. म्हणून काय लिहावे याइतकेच ते कोठे लिहू नये, याचा विवेक या व्यवसायात मोलाचा ठरतो.

यासाठी अमुकच पदवी हवी असा दंडक नाही. अभियांत्रिकीचे, विज्ञानाचे आणि साहित्याचेही पदवीधर या कामात आढळतात. प्रोग्राम वाचता येण्याइतके संगणकज्ञान, ‘मार्कडाउन’ व ‘गिट’ या साधनांचा सराव आणि स्वच्छ, आटोपशीर इंग्रजी मात्र अपरिहार्य आहे. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने याने खचू नये, कारण येथे अलंकारिक भाषेला नव्हे, तर लहान आणि निःसंदिग्ध वाक्याला मान आहे. गूगलचे तांत्रिक लेखनाचे पाठ, तसेच गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या लेखननियमावल्या विनामूल्य उपलब्ध आहेत. मुक्तस्रोत प्रकल्पांच्या दस्तऐवजांत महाविद्यालयात असतानाच सुधारणा सुचवाव्यात, म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत दाखविण्याजोगे काम हाती राहते.

पालकांपासून दोन गोष्टी लपवू नयेत. प्रोग्रामरांच्या मानाने लेखकांच्या जागा थोड्या असतात. आणि मसुदा लिहिण्याचे काम आता यंत्रही करू लागले आहे. तथापि लिहिलेली कृती प्रत्यक्ष करून पाहणे, ती खरी आहे याची हमी देणे आणि ती कोणासाठी आहे हे ठरविणे, ही जबाबदारी माणसावरच राहते. म्हणून केवळ मसुदे लिहिणाऱ्यापेक्षा विषयाची जाण असणाऱ्या लेखकाचा पाया अधिक भक्कम आहे.

मुलाचा कल जाणण्यासाठी एक परीक्षा घरीच घ्यावी. ‘डिजिलॉकर’विषयी त्याने चार टिपणे लिहावीत : प्रथमच मोबाइल हाताळणाऱ्या आजोबांसाठी पाठ, प्रवेशासाठी गुणपत्रिका तातडीने काढू पाहणाऱ्या मित्रासाठी कृती, उपलब्ध दाखल्यांची यादी, आणि असा दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य का मानला जातो याचे विवेचन. मग आजोबांच्या शेजारी मुकाट्याने बसून ते कोठे अडखळतात ते त्याने पाहावे. त्या अडखळण्याचा दोष जो आपल्या वाक्याकडे घेतो आणि ते वाक्य आनंदाने पुन्हा लिहावयास बसतो, त्याला या व्यवसायात धाडण्यास आईवडिलांनी कचरू नये.