गवतातील माणिक : लाल मुनिया

प्रस्तावना

वाराणसी म्हटले की गंगेचे घाट, मंदिरे आणि सायंकाळची आरती डोळ्यांसमोर उभी राहते. नगराच्या वस्तीबाहेर पडले, की गंगेच्या मैदानात ओलसर जमिनीवरील उंच गवत आणि पिकांनी भरलेली शेते दिसू लागतात. अशा गवताळ भागात लाल मुनिया हा चिमुकला गाणारा पक्षी राहतो. त्याचे रूप, निवास व सवयी आणि त्याच्यावर ओढवलेले संकट यांचा परिचय या पाठात करून दिला आहे.

रूप आणि नाव

लाल मुनिया चिमणीपेक्षाही लहान, सुमारे १० सेंटिमीटर लांबीची असते. विणीच्या हंगामात नर लालभडक होतो आणि त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठून दिसतात. मादी तपकिरी असून तिच्या शेपटीलगतचा भाग तेवढा लाल असतो. हंगाम सरला, की नर आपला लाल वेष उतरवतो आणि मादीसारखाच साधा दिसू लागतो. चोचीचा रंगही ऋतूनुसार पालटतो. मे महिन्यापासून ती लाल होऊ लागते आणि एप्रिलमध्ये झपाट्याने काळी पडते.

मराठीत मुनियांना ‘मनोली’ असेही म्हणतात. या पक्ष्याचे इंग्रजी नाव ‘अव्हडव्हॅट’ हे ‘अहमदाबाद’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. पूर्वी त्या शहरातून हे पक्षी परदेशी पाठवले जात. पक्ष्याच्या नावातच त्याच्या व्यापाराचा इतिहास दडलेला आहे.

निवास आणि सवयी

पाण्याजवळची सपाट जमीन, उंच गवत, बोरू आणि शेते ही मुनियेची आवडती ठिकाणे होत. गवताचे बी हे तिचे मुख्य अन्न. वाळवीसारखे कीटकही ती खाते. मुनिया सहसा एकटी राहत नाही. विणीचा काळ सोडला तर लहान थव्याने फिरते, उडताना बारीक आवाज काढून सोबत्यांना साद घालते, आणि विसावताना एकमेकींना खेटून बसते. जोडीतील पक्षी एकमेकांची पिसे चोचीने साफ करतात. तिचे गाणे हळुवार सुरांचे असते.

पावसाळ्यात व त्यानंतर गवत वाढले, बी धरू लागले, की विणीला आरंभ होतो. गवताच्या पात्यांचे गोलाकार घरटे झुडपात किंवा दाट गवतात जमिनीपासून फार उंच नसते. मादी त्यात साधारणतः पाच-सहा पांढरी अंडी घालते. गवत आधीच कापले वा जाळले गेले, तर घरटे आणि पिले दोन्ही नष्ट होतात.

पिंजरा आणि कायदा

ज्या रंगासाठी माणूस मुनियेला पिंजऱ्यात कोंडतो, तो रंग तेथे टिकतोच असे नाही. पुरेसा सूर्यप्रकाश आणि योग्य आहार न मिळाल्यास तिची पिसे काळवंडतात. भारतातच आढळणारी तिची नातलग हिरवी मुनिया तर पकडली गेल्यामुळे संकटग्रस्त झाली आहे.

काही लोक पक्षी विकत घेऊन सोडून देण्यात पुण्य मानतात. परंतु दिलेल्या पैशामुळे मागणी वाढते आणि दुसऱ्या दिवशी आणखी पक्षी जाळ्यात अडकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार मुनिया पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. पक्षी विकत न घेणे, विक्री दिसल्यास वनविभागास कळवणे आणि विणीच्या काळात बांधावरचे थोडे गवत राखणे, एवढे प्रत्येकाला करता येईल. मुनियेला खरे अभय गवतातच मिळते.

शब्दार्थ

अपभ्रंश – मूळ शब्दाचे बदललेले रूप
वीण – पक्ष्यांचे प्रजनन
संकटग्रस्त – नष्ट होण्याचा धोका असलेला
अभय – भीतीपासून मुक्तता

पाठाधारित प्रश्न

१. नराच्या रूपात ऋतूनुसार कोणता बदल होतो?
२. ‘पक्ष्याच्या नावातच त्याच्या व्यापाराचा इतिहास दडलेला आहे,’ हे विधान स्पष्ट करा.
३. पक्षी विकत घेऊन सोडणे योग्य आहे काय? आपले मत पाच-सहा वाक्यांत लिहा.