दगडी हत्यारांचा अभ्यास करून पोट भरेल का?

बारावीचा निकाल लागला की वसई-विरारमधल्या काही घरांत हा विषय निघतो. मुलीला माणसाच्या उत्क्रांतीवर, आदिमानवाच्या हत्यारांवर संशोधन करायचंय आणि आईवडिलांची झोप उडालेली असते. त्यांची काळजी रास्त आहे. पण नकार देण्याआधी हा विषय नेमका काय आहे, ते समजून घ्या.

चिंपांझींच्या टोळीत दांडगा नर इतरांवर सत्ता गाजवतो. शिकारीवर जगणाऱ्या अनेक मानवी टोळ्यांत मात्र कुणी एक जण डोईजड झाला, तर बाकीचे मिळून त्याला वठणीवर आणतात. हे कशामुळे शक्य झालं? क्रिस्टोफर बोम या मानवशास्त्रज्ञाने 1999 साली या समतेवर पुस्तक लिहिलं. हातात हत्यार आल्यावर दुबळाही दांडग्याचा जीव घेऊ शकतो, त्यामुळे नुसत्या ताकदीचा दरारा ओसरला, असा विचार या क्षेत्रात मांडला जातो. हत्याराची दुसरी बाजूही आहे. केनियात नातारुक इथे सापडलेल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांपैकी एकाच्या कवटीत दगडी पात रुतलेली होती. त्या सांगाड्यांवरून सामूहिक हत्येचा निष्कर्ष काढला गेला आणि त्यावर वादही झाला. असे वाद हाडं, दगड आणि आकडेवारी तपासून सोडवणं, हेच या संशोधकांचं काम.

आपल्याकडे या अभ्यासाची परंपरा आहे. 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे दोघेही रुजू झाले. ‘युगान्त’मुळे घरोघरी पोचलेल्या इरावतीबाई मुळात मानवशास्त्रज्ञ. गुजरातेतल्या लांघणजला या दोघांनी मिळून काम केलं. तिथे सूक्ष्मास्त्रांसोबत, म्हणजे अगदी लहान दगडी हत्यारांसोबत, माणसांचे सांगाडे मिळाले, गेंड्याच्या खांद्याचं हाडही मिळालं. पुरातत्त्व आणि मानवशास्त्र यांची अशी सांगड इथेच घातली गेली. कांदिवली तर तुमच्याच लोकलच्या मार्गावर. तिथल्या अश्मयुगीन हत्यारांवर टॉड या अभ्यासकाने 1930च्या दशकात संशोधन केलं.

प्रत्यक्ष काम कसं असतं? उन्हात बसून माती चाळायची. चाळणीत नखाएवढी पात उरते. एका कडेची धार शाबूत आणि दुसरी कड बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली. म्हणजे ही बाजू लाकडात किंवा हाडात बसवलेली असणार. मग मोजमाप, नोंद, सूक्ष्मदर्शकाखाली धारेवरच्या खुणा. ज्याला यात कंटाळा येत नाही, त्याचंच हे क्षेत्र.

माझं स्पष्ट मत आहे की बारावीनंतर विज्ञान सोडण्याची घाई करू नये. भूशास्त्र, जीवशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी करा. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाच्या एमएला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. कला शाखेकडेच ओढा असेल, तर विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय आहे. मानवशास्त्राचा विभाग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे.

आता पैशांचं. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. पुरातत्त्व खातं, विद्यापीठं, संग्रहालयं इथे कायमच्या जागा मोजक्या आणि जाहिराती अनियमित. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर पीएचडी करताना दरमहा 37,000 रुपये मिळतात. 2023 पासून हा दर आहे. ती मिळाली नाही, तर पीएचडीचा खर्च कसा भागवायचा, हे घरात आधीच मोकळेपणाने बोला. नकाशांचं जीआयएस सॉफ्टवेअर आणि संख्याशास्त्र पदवीच्या काळातच शिकून घ्यायला सांगा. संशोधन जमलं नाही, तरी या दोन गोष्टींवर दुसरीकडे काम मिळतं.

आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिला एखाद्या उत्खननावर किंवा सर्वेक्षणावर पाठवा. मार्गदर्शक कोण, राहायची सोय कुठे, मुली किती आहेत, हे सगळं विचारून घ्या. परत आल्यावर आठवडाभर तिला काही विचारू नका. पुढचं काय ते तीच सांगेल.