बांधकामातील सुतारकाम : सुरक्षिततेचे अर्थकारण

बांधकाम क्षेत्र देशातील कोट्यवधी असंघटित कामगारांना रोजगार पुरविते. या क्षेत्रात सुतारकाम दोन टप्प्यांवर चालते. इमारत उभी राहत असताना सेंटरिंगच्या फळ्या ठोकल्या जातात आणि ती पूर्ण होत आली की दारे, खिडक्या व कपाटे बसविली जातात. पहिल्या टप्प्यात उंचीवरून पडण्याचा आणि साचा कोसळण्याचा, तर दुसऱ्या टप्प्यात मुख्यतः यंत्राचा आणि धुळीचा धोका संभवतो.

गोल करवतीच्या पात्यात लाकूड अडकले, की ते वेगाने उलट फेकले जाते आणि हात पात्यावर जाऊ शकतो. पात्यावरील आवरण, पात्यामागील पाचर आणि लाकूड पुढे सरकविण्यासाठी साधी काठी, एवढ्या उपायांनी असे अनेक अपघात टळतात. परंतु मजुरी चौरस फुटावर ठरत असेल, तर आवरणामुळे गेलेला वेळ कामगाराच्या कमाईतून वजा होतो. म्हणून ते काढून ठेवले जाते. गमावलेल्या बोटाची किंमत मात्र कंत्राटाच्या दरात कोठेच धरलेली नसते.

धुळीचे नुकसान सावकाश होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा कर्करोगकारक घटकांत समावेश केला. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांचा हा कर्करोग अनेक वर्षांनी प्रकट होतो. तोपर्यंत कामगाराने कित्येक मालक बदललेले असतात आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. धूळ यंत्रापाशीच शोषून घेणे, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे हे मूळ उपाय होत. मास्क हा शेवटचा उपाय आहे.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी सुरक्षेचे नियमन, कल्याणकारी मंडळे आणि उपकर यांची तरतूद केली. त्यांची जागा आता २०२० च्या संहितांनी घेतली असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. तथापि, बांधकामाविषयीच्या सुरक्षा तरतुदी सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहेत. सदनिकेत काम करणारी चार-पाच सुतारांची टोळी त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

यास्तव उपकर निधीतून केवळ अपघातानंतरची मदत न देता, धूळशोषक यंत्रे व सुरक्षित करवती अल्प भाड्याने उपलब्ध करून देणे आणि कंत्राटातच सुरक्षेचा खर्च स्वतंत्रपणे दर्शविणे आवश्यक आहे. सुरक्षिततेचा भार कामगाराच्या मजुरीवर पडत राहील, तोवर नियम कागदावरच राहतील.