टोकावरची फेक

चि. ओंकार,


शनिवारी डोक्याला दणका बसला, क्षणभर अंधारी आली, आणि तरी कोचला काही बोलला नाहीस, हे तू फोनवर हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. सांगितलं असतंस तर तुमच्या तिकडच्या रग्बीच्या नियमाने किमान २१ दिवस सामना नाही आणि फायनल बुडणार, हा तुझा हिशेब मला कळला.

इंग्लंडचा विल्किन्सन तुला पाठच आहे. रग्बी विश्वचषकाची फायनल, सिडनी, २२ नोव्हेंबर २००३, जादा वेळेतलं शेवटचं मिनिट, १७-१७, आणि डावऱ्या पायाच्या त्या गड्याने उजव्या पायाने मारलेला ड्रॉप गोल. पण तो चेंडू आला कुठून? लाइनआउटला हुकर स्टीव्ह थॉम्पसनने तो रांगेच्या पार टोकाला, लुईस मूडीपर्यंत फेकला. अशा घडीला जवळची फेक सोडून लांबची टाकायला छाती लागते. मग डॉसन घुसला, जॉन्सनने आणखी थोडी जमीन कमावली आणि त्यानंतर विल्किन्सन.

थॉम्पसनला यातलं काहीच आठवत नाही. इंग्लंडसाठी ७३ सामने खेळलेला माणूस. २००७ मध्ये मानेच्या दुखापतीने निवृत्त झाला, तरी फ्रान्समध्ये ब्रीव्हकडून परत उतरला आणि २०११ चा विश्वचषकही खेळला. चाळिशी उलटते न उलटते तोच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. कधी कधी बायकोचं नावही त्याच्या ओठांवर येत नाही.

तू म्हणशील, माझा मार कुठे तेवढा होता? अरे, त्यालाही एकाच मोठ्या तडाख्याने गाठलं नाही. सरावात स्क्रम पुन्हा पुन्हा लावायचे, डोळ्यांपुढे पांढरा लख्ख उजेड व्हायचा, आणि तो आडवा पडला की सोबती म्हणायचे, झोपलाय, उठेल. उठायचाही. पुन्हा संधी मिळाली तर या वाटेला जाणार नाही, असं तो सांगतो.

मी तुला खेळ सोड म्हणत नाही. उद्या सकाळी कोचला गाठ, डॉक्टरला दाखव. डोकं दुखतं का, झोप कशी लागते, उजेड सहन होतो का, सगळं खरं सांग. उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढली तर थेट इस्पितळ. फायनलला तुझ्या जागी जो उतरेल त्याला पाण्याची बाटली नेऊन दे.

ताईला मी अजून बोललो नाही. रविवारपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

तुझा,
मामा