हुकूम स्पष्ट हवा : एका गोदीच्या पत्रव्यवहाराचा धडा

ऑर्डर देणारा व्यापारी आणि माल बनवणारा कारागीर यांच्यातील पुष्कळ तंटे अर्धवट लिहिलेल्या चिठ्ठीतून सुरू होतात. "माल लवकर द्या, पण घाई करू नका," असे लिहिले तर उस्तादाने काय समजावे? अशाच एका पत्राने अमेरिकेच्या आरमाराचे मोठे नुकसान झाले. ती हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१८६१ साली अमेरिकेत दक्षिणेची राज्ये फुटून निघत होती. व्हर्जिनिया राज्याचा निर्णय व्हायचा होता. त्याच राज्यात नॉरफोक शहराजवळ गॉस्पोर्टची सरकारी गोदी होती. गोदीचे प्रमुख कमोडोर चार्ल्स मॅकॉले ६८ वर्षांचे, ५० वर्षांहून अधिक नोकरी झालेले. वॉशिंग्टनमध्ये आरमार खात्याचे मंत्री गिडियन वेल्स नुकतेच पदावर आले होते. 'मेरिमॅक' ही वाफेवर चालणारी मोठी युद्धनौका इंजिनच्या दुरुस्तीसाठी गोदीत उभी होती.

१० एप्रिलला वेल्स यांनी मॅकॉले यांना लिहिले : 'मेरिमॅक' हलवता येईल अशी तयार ठेवा, सरकारी मालमत्तेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. त्याच पत्रात पुढे होते : विनाकारण घबराट होईल असे काही करू नका, बाकी आपल्या विचाराने करा. वेल्स यांचीही अडचण होती. गडबड दिसली तर व्हर्जिनिया बिथरेल, अशी सरकारला धास्ती होती. पण मॅकॉले यांनी त्या पत्रातून सावधपणा तेवढा उचलला.

इंजिन चालू व्हायला महिना लागेल, असे मॅकॉले यांनी कळवले. तेव्हा वेल्स यांनी आरमाराचे मुख्य इंजिनियर बेंजामिन इशरवुड यांना पाठवले. ते १४ एप्रिलला पोहोचले आणि रात्रंदिवस काम करून चार दिवसांच्या आत त्यांनी इंजिन तयार केले. १८ तारखेला बॉयलर पेटले होते. तरीही मॅकॉले यांनी जहाज निघू दिले नाही, आणि त्यांचा शब्द मोडण्याचा अधिकार इशरवुड यांना नव्हता.

आदल्याच दिवशी व्हर्जिनियाने फुटून निघण्याचा ठराव केला होता. २० एप्रिलला हल्ल्याच्या भीतीने मॅकॉले यांनी जहाजे बुडवण्याचा हुकूम दिला. त्याच संध्याकाळी मदत आली, पण जहाजे पाण्याखाली जात होती. शेवटी गोदीला आग लावून सारे निघून गेले. हजाराहून अधिक तोफा दक्षिणेच्या हाती पडल्या. त्यांनी 'मेरिमॅक' वर काढून तिच्यावर लोखंडी पत्रे चढवले, आणि ८ मार्च १८६२ रोजी तिनेच सरकारची दोन मोठी लढाऊ जहाजे नष्ट केली. सिनेटच्या समितीने मॅकॉले यांना दोषी धरले. पत्र दुहेरी अर्थाचे होते हेही विसरता येत नाही.

यातून आपण घ्यायचे ते असे :

१. एका चिठ्ठीत मुख्य हुकूम एकच ठेवा. दोन असतील तर आधी कोणता, ते लिहा.

२. 'गरज पडल्यास', 'जमल्यास' असे शब्द टाळा. तारीख, नग आणि भाव लिहा. 'गरज' म्हणजे नक्की काय, तेही लिहा.

३. आपला माणूस कारखान्यावर पाठवाल तेव्हा तो काय ठरवू शकतो, हे लेखी कळवा. नाहीतर काम पुरे होऊनही माल दारातच अडून राहतो.

४. कारागिराने मुदत अंदाजाने सांगू नये. महिन्याचे म्हटलेले काम चार दिवसांत झाले, की पुढच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

५. चिठ्ठीचे दोन अर्थ निघत असतील तर त्याच दिवशी उलट विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. गप्प बसून केलेल्या कामाचे नुकसान मात्र दोघांनाही भरावे लागते.

६. प्रत्येक चिठ्ठीची नक्कल ठेवा. वाद झालाच तर तीच तुमची साक्ष.